गरोदरपणात दुखणे अंगावर काढू नये: गर्भवती स्त्रिया आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गरोदरपणातले बहुतेक त्रास साधे असतात आणि यथावकाश कमी होतात. अडचण अशी, की मळमळ, डोकेदुखी, पायांवरची सूज, दम लागणे या नेहमीच्याच तक्रारींचे रूप घेऊन कधी कधी गंभीर आजारही येतो, आणि ‘या दिवसांत असे व्हायचेच’ या समजुतीपायी त्याकडे दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात गरोदरपण आणि बाळंतपण यांच्याशी निगडित कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या, म्हणजे दररोज सातशेहून अधिक. यांतले बहुतांश मृत्यू टाळता येण्याजोगे होते. अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग ही त्यांमागची प्रमुख कारणे वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहेत आणि त्यांवरचे उपचारही उपलब्ध आहेत. कमी पडतो तो वेळ. त्रास गंभीर आहे हे ओळखण्यात, योग्य ठिकाणी पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात, अशा तीन टप्प्यांवर तो वाया जातो. या तिन्ही टप्प्यांवर वेळ कसा वाचवावा, हाच या लेखाचा विषय आहे. त्यातला काही भाग गर्भवतीला व तिच्या घरच्यांना उद्देशून आहे आणि काही परिचारिका, सुईणी व डॉक्टर यांच्यासाठी आहे. पण दोन्ही बाजूंनी संपूर्ण लेख वाचावा, कारण समोरच्याकडून काय अपेक्षित आहे हे दोघांनाही ठाऊक असणे हिताचे आहे.

पहिली तपासणी लवकर का करावी

दिवस राहिल्याचे कळताच, पहिल्या बारा आठवड्यांच्या आत, पहिली तपासणी व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार संपूर्ण गरोदरपणात निदान आठ वेळा आरोग्यसेवकाची भेट व्हावी आणि त्यांपैकी पहिली या मुदतीत असावी. लवकर जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मूळ नोंद मिळणे. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा उतरतो. त्यामुळे जिला आधीपासून रक्तदाबाचा विकार आहे, ती पाचव्या महिन्यात प्रथमच तपासणीला आली तर तिचा आकडा अगदी व्यवस्थित दिसू शकतो, आणि पुढे तो वाढला की विकार जुना आहे की नवा, हे ठरवणे अवघड होऊन बसते. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेचेही तसेच आहे. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख अधिक भरवशाची असते, आणि बाळाची वाढ नीट होते आहे का, कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या आहेत का, दिवस उलटून गेले आहेत का, हे पुढचे सगळे निर्णय त्याच तारखेवर अवलंबून असतात.

लवकर भेट झाली नाही तर काही उपचारांची वेळच टळून जाते. ज्यांना पूर्वीच्या खेपेला रक्तदाबाचा गंभीर त्रास झाला होता, किंवा ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार वा जुळ्यांचा गर्भ आहे, अशा स्त्रियांना डॉक्टर अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. त्याचा उपयोग बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरुवात झाली तरच चांगला होतो. फॉलिक अ‍ॅसिडची वेळ तर त्याहूनही आधीची आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, आणि तोवर अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरवतानाच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे. पूर्वीच्या बाळात या नलिकेचा दोष असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील, तर मात्रा जास्त लागू शकते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. पहिल्या भेटीत रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि लघवी या तपासण्या होतात. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास ती नोंद कायम जवळ बाळगा, कारण मधे रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार लागला, तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देण्याचा निर्णय त्या नोंदीवरून घेतला जातो. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांदरम्यान रक्तातील साखरेची चाचणी करून घ्यावी. गरोदरपणातल्या मधुमेहात पुष्कळदा काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे चाचणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मध्येच सोडून दिले जाणारे औषध पुष्कळदा हेच असते. हिमोग्लोबिन पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ ग्रॅमपेक्षा, तर मधल्या तिमाहीत १०.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. बाळंतपणात प्रत्येकीचे थोडेफार रक्त जाते. ज्या स्रावातून निरोगी स्त्री सहज सावरते, तोच स्राव रक्त कमी असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. गोळ्यांनी मळमळ होत असेल किंवा शौचास खडा होत असेल, तर गोळ्या परस्पर बंद न करता तसे सांगा. रात्री जेवणानंतर घेणे, मात्रा कमी करणे, औषधाचा प्रकार बदलणे किंवा शिरेतून लोह देणे असे पर्याय आहेत. चहा, कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहासोबत घेऊ नये, कारण त्यांमुळे लोहाचे शोषण घटते. शौचाचा रंग काळा होणे ही लोहाची नेहमीची खूण आहे, तिची भीती नको.

औषधे, आहार आणि रोजचे जगणे

औषधांच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका घडतात. एक म्हणजे पूर्वीपासून चालू असलेले औषध घाबरून एकाएकी बंद करणे. अपस्मार, दमा, थायरॉइड, मधुमेह किंवा नैराश्य यांवरचे औषध अचानक थांबले, तर उफाळलेला आजार बाळाला आणि आईला औषधापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. दुसरी चूक म्हणजे दुकानातून विनाचिठ्ठी मिळते, किंवा झाडपाल्याचे आहे, म्हणजे ते निर्धोक, असे मानणे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. व्हॅल्प्रोएट, आयसोट्रेटिनॉइन, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन आणि रक्तदाबावरची एनालाप्रिल-रामिप्रिलसारखी औषधे घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे. शक्य असेल तर मूल होऊ देण्याचा विचार चालू असतानाच बोलावे. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या, मलमे आणि पूरक औषधे पिशवीत घालून तपासणीला न्यावीत. नावे आठवण्यापेक्षा ते सोपे आणि अचूक आहे.

आहारासंबंधी थोडक्यात सांगता येते. कच्चे किंवा अर्धकच्चे मांस, अंडी व मासे, आणि न उकळलेले वा पाश्चरीकरण न केलेले दूध टाळावे, कारण लिस्टेरिया आणि टॉक्सोप्लाझ्मा या रोगजंतूंचा संसर्ग आईला जेमतेम जाणवला तरी बाळापर्यंत पोहोचू शकतो. मांजराची विष्ठा साफ करण्याचे काम याच कारणासाठी दुसऱ्याकडे द्यावे. दारूची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ठरलेली नाही, म्हणून ती पूर्ण बंद ठेवावी. तंबाखू कोणत्याही रूपात नको, आणि घरातल्या इतरांनी घरात धूम्रपान करू नये. कॅफीन दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमच्या आत असावे. पोट भरण्याइतके आणि वैविध्याने खावे. दुप्पट खाण्याची गरज नसते.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम हितकारक असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावे, उजवी किंवा डावी कोणतीही चालेल. रात्री जाग आल्यावर आपण उताणे असल्याचे लक्षात आले, तर घाबरून न जाता कूस बदलावी. मोटारीत पट्टा बांधावाच. त्याचा खालचा भाग पोटाच्या फुगवट्याखालून मांड्यांच्या वरच्या बाजूस नितंबांच्या हाडांवर टेकलेला आणि वरचा भाग स्तनांमधून जाऊन पोटाच्या बाजूने उतरणारा असावा. पट्टा पोटावरून आडवा कधीही घेऊ नये. कामाच्या ठिकाणी शिसे, कीटकनाशके, द्रावके, क्ष-किरण, तीव्र उष्णता किंवा जड ओझी यांच्याशी संबंध येत असेल, तर पोट दिसू लागण्याची वाट न पाहता कळवावे, कारण बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात.

धनुर्वाताची लस, पूर्ण झालेली नसल्यास, घ्यावी. इन्फ्लुएंझाची लस कोणत्याही तिमाहीत घेता येते. डांग्या खोकल्याचा समावेश असलेली लस सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांदरम्यान दिली, तर आईच्या शरीरातली प्रतिद्रव्ये बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या, सर्वांत नाजूक महिन्यांत संरक्षण देतात. गोवर, रुबेला व कांजिण्यांच्या लशींमध्ये जिवंत विषाणू असल्याने त्या गरोदरपणात देत नाहीत.

रक्तदाब: नीट मोजला तरच उपयोगाचा

विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आढळला, तर तो वाढलेला समजतात. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंडे, रक्तबिंबिका (प्लेटलेट) वा मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तिचे मूळ वारेच्या (प्लासेंटाच्या) रुजण्यातल्या बिघाडात असते आणि परिणाम आईच्या सर्व रक्तवाहिन्यांवर होतो. एका टप्प्यापर्यंत हा विकार काहीच बोलत नाही, आणि म्हणून यंत्रावरचा आकडा हीच बहुधा पहिली सूचना असते. एवढे ज्याच्यावर अवलंबून आहे, ते मोजमाप मात्र घाईगर्दीत, रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीला पुढे ओढून घेतले जाते, हे मला फार गंभीर वाटते.

घरी असो वा दवाखान्यात, पद्धत एकच आहे. मोजण्यापूर्वी लघवी करून यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली असावी, तळपाय जमिनीवर सपाट असावेत, पायावर पाय टाकलेला नसावा. बाही वर सारून घट्ट गोळा करण्याऐवजी हात बाहीतून मोकळा करावा, आणि तो टेबलावर असा ठेवावा की दंड हृदयाच्या पातळीत येईल. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापरावा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. यंत्र चालू असताना बोलू नये आणि मोजणाऱ्यानेही प्रश्न विचारू नयेत. आकडा १४०/९० च्या वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा आणि दोन्ही नोंदी वेळेसह लिहाव्यात, पण पहिली नोंद ‘घाबरली असेल’ म्हणून खोडू नये. घरी मोजताना १४०/९० किंवा अधिक आकडा दुसऱ्यांदाही आला तर त्याच दिवशी कळवावे. १६०/११० ही आणीबाणी असते; तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.

आकडा काहीही असो, पुढील लक्षणे आढळल्यास वाट पाहू नये: नेहमीच्या उपायांनी न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके चमकणे किंवा अंधूक दिसणे, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात नव्याने सुरू झालेल्या उलट्या. उजव्या बरगडीखालचे दुखणे हे पित्त किंवा अपचन म्हणून सर्वांत जास्त फसवते. घरी फिटचा झटका आलाच, तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा, पाणी किंवा औषध काहीही घालू नये, आणि रुग्णवाहिका बोलवावी.

इतर धोक्याची लक्षणे

सुरुवातीच्या आठवड्यांत ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असण्याची शक्यता असते. अंगावरून रक्त अगदी थोडे जात असले तरी पोटात रक्तस्राव चालू असू शकतो, त्यामुळे त्याच क्षणी निघावे. पुढच्या महिन्यांत रक्त गेले, तर दुखत असो वा नसो, रुग्णालयात जावे; वार खाली सरकलेली असेल तर रक्त मुळीच न दुखता जाते, आणि वार वेळेआधी सुटली असेल तर पोट फळीसारखे कडक होऊन दुखते, पण बाहेर रक्त दिसेलच असे नाही. वारेची जागा सोनोग्राफीत निश्चित झालेली नसेल, तर रक्त जात असताना कोणालाही आतून तपासणी करू देऊ नये.

बाळाच्या हालचाली साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यान जाणवू लागतात. अमुक वेळात अमुक हालचाली असा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. तुमच्या बाळाची रोजची रीत तुम्हालाच ठाऊक असते, आणि तिच्यात पडलेला फरक महत्त्वाचा. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी पडते म्हणून हालचाली मंदावतात, हा समज चुकीचा आहे. हालचाल कमी वाटली तर गोड खाऊन किंवा गार पाणी पिऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये, त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासून घ्यावे. घरी ठोके ऐकवणारे यंत्र आणून खात्री करून घेणेही नको, कारण त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके ऐकू येतात, आणि आईच्या रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा वाटू शकतो.

पाणी जाऊ लागल्यास स्वच्छ पॅड ठेवावे, वेळ लिहावी, रंग पाहावा आणि निघावे; हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त पाणी ही अधिक तातडीची बाब आहे. सदतिसाव्या आठवड्यापूर्वी ठरावीक अंतराने पोट आवळून येत असेल तर ‘खोट्या कळा’ म्हणून सोडू नये. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांदरम्यान बाळंतपण होण्याची चिन्हे असतील, तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुफ्फुसे जन्माआधी तयार करता येतात, पण त्यासाठी काही तास हाती असावे लागतात. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, लघवीला जळजळ, तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे, आडवे पडल्यावर लागणारा दम, आणि पाणीही न ठरण्याइतक्या उलट्या, यांपैकी काहीही झाले तरी त्याच दिवशी संपर्क साधावा. छातीत दुखणे आणि दम लागणे यांसाठी तर ताबडतोब.

मनाचे दुखणेही याच यादीत बसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे किंवा सततची धास्ती असल्यास तपासणीच्या वेळी सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ती आणीबाणी आहे. अशा वेळी तिला एकटे सोडू नये.

फोनवर किंवा दारात काय सांगावे

घाबरलेल्या अवस्थेत सगळे विसरायला होते, म्हणून चार गोष्टी कागदावर लिहून तपासणीच्या फाइलला लावून ठेवाव्यात: कितवा आठवडा आणि कितवी खेप, रक्तगट, आधीचे आजार व सिझेरियन, चालू औषधे. बोलताना पहिल्याच वाक्यात मुख्य तक्रार सांगावी. ‘जरा बरे वाटत नाही’ यापेक्षा ‘मला चौतिसावा आठवडा चालू आहे, सकाळपासून डोके प्रचंड दुखते आहे, डोळ्यांपुढे ठिपके येत आहेत आणि घरी रक्तदाब १५२/९८ आला’ असे सांगितल्यावर ऐकणाऱ्याला थांबवून ठेवण्यास वाव राहत नाही. रक्त जात असेल तर किती वेळात किती पॅड पूर्ण भिजले ते सांगावे. उत्तराने समाधान झाले नाही तर ‘मला आज तपासून हवे आहे’ असे स्पष्ट म्हणावे. हा उद्धटपणा नव्हे. सातव्या महिन्यापर्यंत घरच्यांनी जवळचे रुग्णालय कोणते, रात्री वाहन कुठून येईल, सोबत कोण जाईल, मोठी मुले कोणाकडे राहतील आणि गरज पडल्यास रक्त कोण देईल, हे ठरवून ठेवावे. निर्णय घेणारी व्यक्ती घरी नाही म्हणून थांबावे लागू नये, हे विशेष बोलून घ्यावे.

आरोग्यसेवकांसाठी

तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला आधी बोलू द्यावे. ‘काही त्रास नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘मागच्या भेटीनंतर काय काय वेगळे जाणवले?’ असे विचारल्यास ती सांगते. एकाच तक्रारीसाठी ती दुसऱ्यांदा आली असेल, तर पहिल्यांदा काढलेला निष्कर्ष बाजूला ठेवून नव्याने तपासावे. प्रत्येक गर्भवतीशी निदान एका भेटीत एकटीने बोलण्याची सोय करावी, आणि घरात मारहाण किंवा धाक आहे का हा प्रश्न तेव्हाच विचारावा, नातेवाइकांसमोर कधीही नाही.

१६०/११० चा रक्तदाब कायम राहिला तर तीस ते साठ मिनिटांत औषध सुरू व्हावे. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि हायड्रॅलॅझिन यांपैकी जे हाताशी असेल ते वापरावे. झटका टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅगपाय चाचणीत या औषधाने झटक्याचा धोका निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. ते देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसनाचा वेग आणि लघवीचे प्रमाण यांची नोंद सतत ठेवावी, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळच तयार असावे. स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे असल्यास पहिली मात्रा देऊन मगच पाठवावे.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात अंदाजाने मोजणे हा सर्वांत महागात पडणारा दोष आहे. चादरीत, कापसात आणि फरशीवर गेलेले रक्त नजरेला नेहमी कमीच वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी अंथरून रक्त मोजले गेले, आणि स्राव वाढताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, शिरेतून द्रव आणि कारणाचा शोध हे सर्व एकापाठोपाठ वाट न पाहता एकदमच सुरू केले गेले; गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्यामुळे सुमारे ६० टक्क्यांनी घटले. यात नवे औषध एकही नव्हते. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी पडते, आणि त्या तीन तासांतही प्रत्येक पाव तासाच्या उशिराने त्याचा गुण घटत जातो. तरुण, निरोगी स्त्रीचा रक्तदाब पुष्कळ रक्त जाईपर्यंत टिकून राहतो. आधी वाढते ती नाडी. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, तर ती हसून बोलत असली तरी धोक्यात आहे असे समजावे.

संसर्गाबाबत, व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम केल्यावर प्रसूतिकक्षातले मृत्यू झपाट्याने घटले होते. प्रत्येक तपासणीपूर्वी हात धुणे आणि आतून तपासण्या शक्य तितक्या कमी करणे हे आजही तितकेच आवश्यक आहे. ताप, वेगवान श्वास आणि वाढलेली नाडी एकत्र दिसल्यास नमुने घेऊन एका तासाच्या आत प्रतिजैविक सुरू करावे. दुसऱ्याकडे रुग्ण सोपवताना परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले निदान आणि नेमकी मागणी या क्रमाने बोलावे, आणि ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घ्यावे. कळांच्या काळात स्त्रीला आपल्या पसंतीची सोबत मिळू द्यावी. ओरडणे, हिणवणे किंवा परवानगीशिवाय हात लावणे यांमुळे ती पुढच्या खेपेला उशिरा येते, आणि तो उशीर आपण निर्माण केलेला असतो.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आणि पुढे

बाळ सुखरूप हातात आले की सगळ्यांचे लक्ष आईवरून उडते, आणि तिच्या जिवाला मोठा धोका असलेले दिवस नेमके हेच असतात. पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून तोवर ती आरोग्यसेवकांच्या नजरेखाली राहावी. घरी आल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, स्रावाला दुर्गंधी येत असेल, ताप असेल, टाके लाल होऊन दुखत असतील किंवा स्तनात गाठ होऊन थंडी वाजत असेल, तर परत जावे. प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतरही, गरोदरपणात रक्तदाब व्यवस्थित असतानाही, नव्याने सुरू होऊ शकतो. ज्यांना तो आधी होता, त्यांचा रक्तदाब बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत पुन्हा चढतो, म्हणून त्या दिवसांत तो मोजलाच पाहिजे. पायातली रक्ताची गुठळी होण्याचा धोका या आठवड्यांत गरोदरपणापेक्षाही जास्त असतो. झोप पूर्ण उडणे, भ्रम होणे किंवा भास ऐकू येणे हे पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी सुरू झाले, तर बाळंतिणीला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हृदयाच्या स्नायूंचा एक विकार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत सुरू होतो. थकवा, पायांवर सूज आणि आडवे पडल्यावर दम लागणे ही त्याची लक्षणे रात्रीच्या जागरणाचा शीण म्हणून सहज खपून जातात. म्हणून बाळंतपणानंतर वर्षभर कोणत्याही तक्रारीसाठी, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तर ‘माझे बाळंतपण इतक्या आठवड्यांपूर्वी झाले आहे’ हे सर्वांत आधी सांगा. समोरच्याने विचारले नाही तरी सांगा. आणि आपत्कालीन कक्षात काम करणाऱ्यांनी, दम, छातीतले दुखणे, डोकेदुखी किंवा झटका घेऊन आलेल्या प्रत्येक तरुण स्त्रीला हा प्रश्न तिच्या नाडीवर हात ठेवतानाच विचारावा, आणि उत्तर होकारार्थी असल्यास प्रसूतितज्ज्ञांना त्याच वेळी बोलावून घ्यावे.